सिंकोनाची चित्रे

येशूसंघीयांनी युरोपात पोहोचविलेली सिंकोनाची हिवतापहारक साल एकेकाळी त्यांच्याच नावाने ओळखली जाई. धर्मगुरू व वनस्पतिशास्त्रज्ञ होसे सेलेस्तिनो मुतिस यांच्या, आजच्या कोलंबियात १७८३ साली सुरू झालेल्या मोहिमेत या झाडाची जी चित्रे रंगविली गेली, ती आम्हांला मोहवितात आणि किंचित अस्वस्थही करतात. डहाळीचा तोल, पानांच्या शिरा, फुलोऱ्याचा नाजूकपणा, सारे डोळस हातांचे काम. परंतु मुतिस सिंकोनाचे औषधी प्रकार ओळखीत ते सालीच्या रंगावरून: नारिंगी, तांबडी, पिवळी, पांढरी. चित्रांचा भर मात्र पानाफुलांवर! वर्गीकरणाला फूल हवे होते, रोग्याला साल. चित्रकार बहुतांशी त्याच खंडातले. काहींनी सहीत नावापुढे ‘अमेरिकन’ असे लिहिले. ती अक्षरे आम्हांला पाकळ्यांहून मोलाची वाटतात. चित्रे आज माद्रिदच्या शाही वनस्पतिउद्यानात आहेत.