थिरकवांचा ठेका

उस्ताद अहमदजान थिरकवा (निधन १९७६) यांचें नांव निघालें कीं रसिक त्यांच्या स्वतंत्र तबलावादनाच्या आठवणींत रंगतात. आम्हांस मात्र त्यांची खरी थोरवी गंधर्व नाटक मंडळींत केलेल्या साथींत दिसते. बालगंधर्वांच्या लडिवाळ गायकीला जागा मोकळी ठेवून लय तिळभरही ढळूं न देणें, हें कायदे-रेल्यांहून कठीण; आणि त्याला टाळी नाहीं! पुढें लखनौस भातखंडे संगीत महाविद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें. निखिल घोषांसारखे त्यांचे शिष्य स्वतः गुरु झाले. परंतु कायदा पाठ करवितां येतो. गवयाकडे कान ठेवून आपला हात आवरणें कोणत्या पाठांत बसवावें? आजचे होतकरू तबलिये एकट्याच्या मैफलीची घाई करतात, याचा दोष आम्ही गुरुजनांनाही देतों. त्यांनीं शिष्याला आधीं वर्षभर गवयामागें नुसता ठेका धरावयास बसवावें.