महाविद्यालयीन महिला कबड्डीतील पंचगिरी : एक चिकित्सा

प्रस्तावना

कोल्हापूरच्या क्रीडापरंपरेचा विषय निघाला की खासबागेचे मैदान, पेठापेठांतील तालमी आणि शाहू स्टेडियमवरील फुटबॉल यांचे स्मरण प्रथम होते. या परंपरेत मुलींना स्थान उशिरा मिळाले. मात्र ते मिळाल्यावर त्यांनी जागतिक पातळीवर ठसा उमटविला. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे जागतिक नेमबाजी विजेतेपद पटकावले, तर राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. या दोन्ही यशांत एक साम्य आहे, ते सहसा लक्षात घेतले जात नाही. नेमबाजीत गुण इलेक्ट्रॉनिक लक्ष्य नोंदविते. तेथे खेळाडू आणि तिचा गुण यांच्यामध्ये कोणाची नजर, कोणाचा कंटाळा किंवा कोणाची मर्जी येत नाही.

कबड्डीचे तसे नाही. तेथे प्रत्येक गुण पंचाच्या नजरेतून जातो. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलींपैकी जितक्या नेमबाजीपर्यंत पोहोचतात त्याच्या कितीतरी पट मुली कबड्डी खेळतात, कारण या खेळाला रायफल लागत नाही, मैदान लागते. म्हणूनच या खेळातील पंचगिरीचा दर्जा हा केवळ क्रीडा विभागाचा अंतर्गत प्रश्न राहत नाही. प्रस्तुत लेखात महाविद्यालयीन महिला कबड्डीतील पंचगिरीची चिकित्सा करावयाची आहे. पंच पक्षपाती असतात, असा सरसकट आरोप येथे अभिप्रेत नाही. पंचगिरी हे उरलेसुरले काम मानले जाते आणि या वृत्तीची सर्वाधिक झळ महिलांच्या सामन्यांना बसते, एवढेच प्रतिपादन आहे.

महिलांचे मैदान : लहान, म्हणून अधिक अवघड

महिलांच्या सामन्यात पंचाचे काम सोपे असते, असा एक समज क्रीडावर्तुळात दृढ आहे. खेळाचे नियम पाहिले असता हा समज टिकत नाही. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. महिलांचे १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद. महिलांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदानरेषा ३ मीटरवर, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा आणि तेथून अवघ्या २ मीटरवर अंतिम रेषा. एवढ्या जागेत सात बचावपटू आणि एक चढाईपटू यांच्या हालचाली पंचाला टिपावयाच्या असतात. जागा कमी झाली की देह जवळ येतात, स्पर्श एकमेकांत मिसळतात आणि पंचाची दृष्टी अडते.

बोनस गुणाचेच उदाहरण घ्यावे. बचावात सहा किंवा अधिक खेळाडू असताना चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला पाहिजे आणि त्याच क्षणी दुसरा पाय जमिनीपासून अधांतरी असला पाहिजे. म्हणजे पंचाने एकाच क्षणी दोन पाय, एक रेषा आणि बचावपटूंची संख्या पाहावयाची असते. त्यातच ‘कबड्डी’ हा उच्चार एका दमात, स्पष्ट आणि अखंड चालू आहे की नाही हे कानांनी तपासावयाचे असते. जो पंच मध्यरेषेजवळ एकाच जागी उभा राहून हात वर करतो, तो वस्तुतः निर्णय देत नाही. अंदाज व्यक्त करतो.

वेळेचाही विचार करावयास हवा. पुरुषांचा सामना २०-२० मिनिटांच्या दोन डावांचा, महिलांचा १५-१५ मिनिटांचा. एका चढाईस जास्तीत जास्त ३० सेकंद धरल्यास पुरुषांच्या सामन्यात किमान ८० आणि महिलांच्या सामन्यात किमान ६० चढाया होतात. सामना जितका लहान, तितकी चूक भरून काढण्याची संधी कमी. त्यामुळे महिलांच्या सामन्यात एका चुकीच्या निर्णयाचे वजन पुरुषांच्या सामन्यापेक्षा जास्त ठरते. अनुभवी पंच पुरुषांच्या सामन्यास आणि नवखे महिलांच्या सामन्यास, ही अनेक ठिकाणची वाटणी या हिशेबाने अगदी उलटी आहे.

एका चुकीची साखळी

कबड्डीतील चूक एका गुणावर थांबत नाही, हे या खेळाचे वैशिष्ट्य आहे. परदेशातील बर्फावरील हॉकीशी तुलना केल्यास मुद्दा स्पष्ट होईल. त्या खेळात किरकोळ नियमभंगासाठी खेळाडूला दोन मिनिटे बाहेर बसविले जाते. निर्णय चुकीचा असला तरी शिक्षेची मुदत ठरलेली असते. कबड्डीत चुकीने बाद ठरलेल्या मुलीला अशी मुदत नाही. तिचा संघ पुढचा खेळाडू बाद करील तेव्हाच ती परत येते, आणि तीही बाद झालेल्या क्रमाने. संघातील प्रमुख चढाईपटूच अशी बाहेर बसली तर तिला उठविणार कोण, असा प्रश्न उभा राहतो.

दरम्यान नियमांची स्थितीही बदलत जाते. बचावात पाचच जणी उरल्या की प्रतिस्पर्ध्याचा बोनस बंद होतो. तिघी किंवा त्याहून कमी उरल्या की यशस्वी पकडीस अव्वल पकडीचा जादा गुण मिळतो. सर्वजणी बाद झाल्या की लोणाचे दोन गुण जातात. म्हणजे एका चुकीच्या इशाऱ्यानंतर दोन्ही संघ वेगळ्याच परिस्थितीत खेळू लागतात. म्हणूनच नियमाने एका सामन्यास सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक अशी सहा जणांची योजना केली आहे. बाद खेळाडूंचा क्रम सांभाळणे, अंतिम रेषेवरील पाऊल पाहणे ही साहाय्यक गुणलेखकांची कामे दुय्यम वाटली तरी सामन्याचा निकाल त्यांच्यावर अवलंबून असू शकतो. या जागांवर यजमान महाविद्यालयातील जो विद्यार्थी मोकळा असेल त्याला बसविणे, ही योजनेची थट्टा होय.

पकडीच्या नियमाकडे होणारे दुर्लक्ष याहून गंभीर आहे. चढाईपटूला हातपाय किंवा धड यांखेरीज अन्य ठिकाणी धरता येत नाही. महिलांच्या सामन्यात केस ओढले जाणे हा या नियमाचा उघड भंग असतो. परंतु ज्या पंचाची नजर पुरुषांच्या खेळावर घडली आहे, त्याच्या निरीक्षणाच्या यादीत ही गोष्ट नसते. परिणामी नियम पुस्तकात राहतो आणि मुलगी बाद होऊन बसते.

मोठ्या सामन्यांचा दाखला

पंचगिरीचा प्रश्न केवळ महाविद्यालयांपुरता आहे असे नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात गुणसंख्या २८-२८ असताना राखीव क्षेत्रातील एका चढाईवरून वाद झाला. कोणता नियम लागू करावयाचा यावरच एकमत होईना. निर्णय फिरत राहिले आणि सामना सुमारे तासभर खोळंबला. अखेरीस भारताने तो ३३-२९ असा जिंकला. त्याच दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने चिनी तैपेईवर २६-२५ अशी मात केली. सुवर्ण आणि रौप्य यांतील अंतर एका गुणाचे होते. २०१८ मध्ये जाकार्ता येथे भारतीय महिलांना इराणने २७-२४ असे हरविले, तेव्हा इराणच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. महिला कबड्डी आता किती अटीतटीची झाली आहे, हे या आकड्यांतून दिसते. ज्या खेळात आशियाई विजेतेपद एका गुणाने ठरते, त्या खेळाच्या पहिल्या पायरीवर ‘एका गुणाने काय होते’ ही भाषा शोभत नाही.

पुरुषांच्या स्पर्धेत अन्याय झाला, किंवा झाला असे वाटले, तर त्याचा गाजावाजा होतो. २०२५ मध्ये अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निर्णयावरून पंचाला लाथ मारण्यापर्यंत मजल गेली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. तो प्रकार निंद्यच होता. परंतु महिलांच्या महाविद्यालयीन सामन्यात याच्या नेमके उलटे चित्र दिसते. चुकीने बाद ठरलेली मुलगी खाली मान घालून बाहेर जाते. तिला घरी आणि शाळेत वाद न घालण्याची शिकवण मिळालेली असते आणि मैदानावर दाद मागण्याची सोय नसते. त्या शांततेला आपण खिलाडूवृत्ती म्हणतो आणि पंचगिरी उत्तम झाली, असा अहवाल लिहितो. तक्रार नाही म्हणजे दोष नाही, असे मानणे हीच या क्षेत्रातील सर्वात मोठी चूक आहे.

प्रश्नाचे शैक्षणिक स्वरूप

१९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत आज कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे आहेत. विभागीय सामने, त्यानंतर आंतरविभागीय सामने, त्यातून विद्यापीठ संघ आणि पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी ही वाट आहे. कळंबा किंवा पाचगाव येथून शहरातील महाविद्यालयात येणाऱ्या मुलीला या वाटेवर पाऊल टाकण्यासाठी वर्षातून एखादाच सामना मिळतो. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, बँका यांचे संघ आहेत. तेथवर पोहोचण्याचा मार्ग निवडीतून जातो आणि निवड सामन्यातील कामगिरीवर होते. त्या एका सामन्यात मिळालेला चुकीचा निर्णय तिच्या पदवीच्या तीन वर्षांपैकी एक वर्ष खाऊन टाकतो. परीक्षेतील उत्तरपत्रिकेस पुनर्मूल्यांकनाचा अधिकार देणाऱ्या व्यवस्थेने मैदानावरील मूल्यमापनास मात्र कोणतीही तपासणी ठेवू नये, ही विसंगती प्राध्यापकवर्गाने तरी ओळखली पाहिजे.

यावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा, की पराभूत संघाचा प्रशिक्षक नेहमीच पंचांवर खापर फोडतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच लेखी, नियमित मूल्यमापन हवे. त्यामुळे खोटी तक्रारही उघडी पडते. दुसरा आक्षेप खर्चाचा. परंतु स्पर्धेच्या उद्घाटनास मंडप, सत्कार आणि छायाचित्रे यांसाठी जो निधी सापडतो, तो सहा प्रशिक्षित पंचांच्या मानधनासाठी सापडू नये, हे पटण्यासारखे नाही.

उपाययोजना

महिलांच्या प्रत्येक सामन्यास सहाही अधिकारी पूर्ण आणि प्रशिक्षित असावेत. सहभागी महाविद्यालयाशी संबंधित व्यक्तीला त्या महाविद्यालयाच्या सामन्यात पंच नेमू नये. सामन्यानंतर दोन्ही प्रशिक्षकांनी आणि एका तटस्थ निरीक्षकाने पंचगिरीचा लेखी अभिप्राय द्यावा व तो पुढील नेमणुकीच्या वेळी विचारात घ्यावा. बोनस रेषेच्या सरळ रेषेत एक मोबाइल कॅमेरा उभा करणे आज कोणत्याही महाविद्यालयास अशक्य नाही. त्या चित्रणावर निर्णय बदलावा की नाही हा नंतरचा प्रश्न. पंचांच्या प्रशिक्षणासाठी तरी त्याचा निश्चित उपयोग होईल.

सर्वात महत्त्वाचा उपाय मात्र खेळाडू मुलींनाच पंचगिरीकडे वळविण्याचा आहे. फ्रान्सच्या स्टेफानी फ्रापार यांनी २०२२ मध्ये पुरुषांच्या विश्वचषक फुटबॉल सामन्यात मुख्य पंच म्हणून काम पाहिले. मुंबई विद्यापीठाकडून क्रिकेट खेळलेल्या वृंदा राठी २०२३ मध्ये रणजी सामन्यात पंच म्हणून उभ्या राहिल्या. स्त्री असल्यानेच पंच चांगली होते, असे नाही. मात्र जिने त्याच मैदानावर, त्याच नियमांनी खेळ केला आहे, तिला काय पाहावयाचे ते ठाऊक असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार सहअभ्यासक्रमास श्रेयांक मिळू लागले आहेत. त्यात पंचगिरीचा अभ्यासक्रम समाविष्ट केल्यास दुखापतीने किंवा वयाने खेळ सुटलेल्या मुलीला मैदानावर परत येण्याचा मार्ग मिळेल.

समारोप

१५ जुलै हा बुवा साळवी यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. हुतूतू या रांगड्या खेळाला नियमांची चौकट देण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. परंतु नियम केवळ छापून खेळाला न्याय मिळत नाही. तो कोणीतरी पाहून, समजून आणि निर्भयपणे लागू करावा लागतो. महिला कबड्डीला आपण मैदान दिले, संघ दिले, चषक दिले. नीट पाहणारा पंच अद्याप दिलेला नाही. तो मिळेपर्यंत या सामन्यांच्या निकालपत्रकावरील आकडे आपण काही अंशी तात्पुरतेच समजावेत.