खुरातली काळी रेघ

नालबंदाने घोड्याच्या खुरातले गळू नीट फोडले, की पाहणाऱ्याला दाखवण्यासारखे फारसे काही उरत नाही. तळव्याच्या कडेला पेन्सिल जाईल एवढे भोक, त्याखाली काळ्या पाण्याचा ओघळ, आणि इतका वेळ तीन पायांवर उभी असलेली घोडी चौथा पाय हळूच टेकवते. या कामाची खरी करामत न कापलेल्या भागात असते, म्हणून ती सहज नजरेतून निसटते.

वसई-विरार पट्ट्यात हे कसब पाहावे ते चातुर्मासात. वरातीचे मुहूर्त संपले, किनाऱ्यावरच्या फेऱ्या थांबल्या, की घोडी दिवसचे दिवस पागेत उभी. दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सखल भागात साचणारे पाणी, पायाखाली ओला पेंढा आणि लीद. भिजून भिजून खूर मऊ होतो. खुराची भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथली पांढरी रेघ किंचित उकलते, वाळूचा एखादा कण आत शिरतो आणि त्यामागून जंतू. आत पू धरतो, पण खूर फुगू शकत नाही. ज्याला नखुरडे झाले आहे त्याला या ठणक्याची कल्पना येईल. रात्री धड असलेली घोडी सकाळी पाय टेकत नाही आणि हाडच मोडले या धास्तीने मालकाचा चेहरा उतरतो.

जाणता नालबंद आधी खुराकडे पाहतच नाही. तो घोडी दोन पावले चालवायला सांगतो आणि ऐकतो. काँक्रीटच्या गल्लीत चार टापांपैकी एकीचा आवाज दबलेला येतो, आणि पुढचा पाय दुखरा असेल तर तो टेकताना मान वर उचलली जाते. मग तो खुराच्या वर, सांध्यामागे दोन बोटे ठेवतो. निरोगी पायात तिथली नाडी जेमतेम लागते. खुरात पू असेल तर ती बोटांवर आदळते. तो लगेच दुसऱ्या पायाची नाडी पाहतो, कारण या घोडीची नेहमीची नाडी कशी लागते हे तिच्याच धड पायावरून कळते. तुलनेची ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

त्यानंतर नाल निघते आणि इथे एक बारकावा हमखास हुकतो. खिळे तो भिरकावून देत नाही. एकेक उपसून, ज्या छिद्रातून निघाला त्याच क्रमाने जमिनीवर मांडतो, आणि प्रत्येकाचे टोक पाहतो, हुंगतो. एखादा ओला, काळा निघाला, तर दुखणे त्या खिळ्याच्या वाटेने आत गेलेले. मग लांब दांड्यांची पक्कड. दुखऱ्या जागेवर ती सुरुवातीलाच लावली तर घोडी पुढे हात लावू देणार नाही, म्हणून तो लांबून येतो, बोटबोट सरकत, सारखाच दाब देत. त्याची नजर खुरावर नसून घोडीच्या खांद्यावर असते. पाय हिसकण्याच्या क्षणभर आधी तिथला स्नायू थरथरतो. तो थरथरला की पक्कड थांबते, आणि तेवढ्यावर जागा सापडते.

आता वाकड्या टोकाची सुरी. वरचा मळकट थर खरवडला की पांढऱ्या रेघेत एक काळा ठिपका दिसतो. असे ठिपके अनेक असतात. बहुतेक दोन कापांत पुसले जातात. जो पुसला जात नाही, खोल जाताना रेघ होऊन पुढे पळतो, तोच खरा. तळव्याची जाडी जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, त्याच्या आत जिवंत मांस. म्हणून सुरी तळव्याच्या मधोमध न शिरता भिंतीच्या बाजूने त्या रेघेचा माग घेते. भोक मोठे झाले तर आतले मांस त्यातून बाहेर डोकावते आणि जखम महिनोन्महिने रेंगाळते. अगदी लहान राहिले तर ते बुजून पू पुन्हा साठतो. पुवाआधी रक्ताचा थेंब दिसला तर उत्तम कारागीर हात आवरतो, पोटीस बांधतो आणि दुसऱ्या दिवशी येतो. मालक शेजारी घाई करत असताना सुरी खाली ठेवणे, या सगळ्या कामातले मला सर्वांत आवडणारे कौशल्य हेच.

पू सुटतो तेव्हा तो काळसर, पातळ, उग्र वासाचा असतो. पुढचे काम साधे: एप्सम मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस, वर घट्ट पट्टी, त्यावर चिखल आत जाऊ नये असे आवरण, आणि धनुर्वाताची लस घेतलेली नसेल तर पशुवैद्याकडून त्याचे इंजेक्शन. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, त्यामुळे त्यात हयगय नाही. पोटीसही मोजके दिवसच. आधीच भिजलेला खूर आणखी भिजवून चालत नाही.

घोड्यांशी वसई-ठाण्याच्या या खाड्यांचा संबंध जुना आहे. तेराव्या शतकातल्या ठाण्याबद्दल मार्को पोलो सांगतो, की चाच्यांनी समुद्रात लुटलेले सगळे घोडे तिथल्या राजाकडे जात. दक्षिणेबद्दल त्याचे निरीक्षण अधिक बोचरे आहे: घोडे विकणारे व्यापारी नालबंदांना तिकडे जाऊच देत नसत, कारण घोडे मेले की नवे खपत. खुराची निगा राखणाऱ्याचे मोल इतक्या उघडपणे दुसऱ्या कुणी मांडल्याचे मला आठवत नाही.

पण नालबंदाचे हे मोल खरे कसाला लागते ते पुन्हा पुन्हा होणाऱ्या गळवात. महिनाभराने त्याच खुरात, त्याच जागी. इथे सुरीपेक्षा वाचन मोठे. पुढचा भाग लांब वाढला असेल तर प्रत्येक पावलाला भिंत तळव्यापासून उचकटली जाते; तिथे आधी कानस. पांढरी रेघ सगळीकडे रुंद आणि ताणलेली असेल, तर आत जुना दाह आहे. वरातीच्या घोडीच्या बाबतीत अशा वेळी गूळ, हरभरा आणि पाहुण्यांनी प्रेमाने भरवलेल्या पेढ्यांची चौकशी करावी लागते. आणि ती रेघ एकाच जागी आतल्या बाजूला वळसा घेत असेल, तर भिंतीच्या आत शिंगाच्या द्रव्याची गाठ वाढत असण्याचा संभव. तो वळसा अर्ध्या बोटाचाही नसतो. तो ओळखून, आणखी न कोरता, घोडी क्ष-किरण तपासणीला पाठवणारा माणूस खरा. आतल्या हाडाचा तुकडा कुजला आहे की काय, हेही त्या चित्राशिवाय कळत नाही. परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. तिथल्या विद्येची आणि पागेतल्या हाताची अशी गाठ पडते तेव्हा घोडीचा जन्मभराचा लंगडेपणा वाचतो.

कधी पू खाली वाट न मिळाल्याने भिंतीच्या आतून वर चढतो आणि केसांच्या कडेला फुटतो. तिथे आडवी चीर उरते, आणि खूर वाढेल तशी ती खाली सरकते, महिन्याला आठ ते दहा मिलिमीटर. मार्गशीर्षातल्या वरातीत घोडी समोरून आली तर झुलीवरून नजर काढून तिचा पुढचा खूर पाहावा. वरच्या कडेखाली तीन-चार सेंटिमीटरवर चीर असेल, तर गळू श्रावणात फुटलेले. चैत्रापर्यंत ती खिळ्यांच्या ओळीत उतरते. तिथली भिंत ठिसूळ असते, म्हणून चांगला नालबंद त्या जागेचे छिद्र रिकामे सोडतो आणि उरलेल्या खिळ्यांवर नाल तोलून बसवतो.