सांभाळणाऱ्याचा हात

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर' (१९८२) ह्या लघुकादंबरीत वानरांच्या टोळ्या, त्यांचा मुलूख आणि नराची सत्ता हाच विषय आहे. निवेदकाने स्वतः मध्ये न येणे हे त्या गद्याचे शील. परंतु हेच शील पिंजऱ्याच्या चित्रणाला लावले, तर ते असत्य ठरेल. रानातल्या वानराला टोळी असते. प्रयोगशाळेतल्या माकडाच्या वाट्याला सांभाळणारा माणूस येतो.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मौद्गल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेतल्या टोपीमाकडांवर केलेले संशोधन प्रसिद्ध आहे. मेंढीच्या संप्रेरकापासून केलेल्या लसीने नराची प्रजननक्षमता दीर्घकाळ रोखता येते, असे सांगणारा त्यांचा निबंध १९९२ साली आला. अशा निबंधांचे गद्य कर्मणी प्रयोगाचे असते : लस दिली गेली, रक्त घेतले गेले. माकडाला धरले कोणी? कोणाच्या चाहुलीने ते गजांशी आले, किंवा कोपऱ्यात दडले? ह्या वाक्यरचनेत त्याला जागा नाही. शास्त्राशी आपली तक्रार नाही. मराठी ललित गद्यातही हा माणूस क्वचितच भेटतो, हा आपला प्रश्न आहे.

काफ्काने १९१७ साली ही जागा ओळखली होती. विद्वानांच्या अकादमीपुढे (हा योगायोग आपण हसून सोडून द्यावा) वृत्तांत सादर करणारा त्याचा कपी आपल्या खलाशी शिक्षकाविषयी बोलतो. तो खलाशी त्याच्या केसांना पेटती चिलीम लावतो आणि मग आपल्याच थोराड, मायाळू हाताने ती आग विझवितो. कपीच्या सांगण्यात तक्रारीचा सूर नाही. क्रौर्य आणि ममता ह्यांची येथे वजाबाकी होत नाही. दोन्ही एकाच हाताची आहेत.

आज काही प्रयोगशाळांत माकडाला खाऊ देऊन, सुईसाठी आपण होऊन हात पुढे करावयास शिकवितात. धरपकड टळते, भीती कमी होते. तेव्हा ही सुधारणाच म्हटली पाहिजे. वाङ्मयाचा पेच मात्र येथेच सुरू होतो. रोज केळे देणाऱ्यावर बसलेला विश्वास हेच आता उपकरण झाले. अशा माणसाला खलपुरुष करणे सोपे, संत करणे त्याहून सोपे. प्रयोगशाळेच्या इंग्रजीत प्राणी मारण्याला 'सॅक्रिफाइस' हा शब्द रूढ आहे. मराठीत 'बळी' म्हणताच देव, नवस आणि यजमान उभे राहतात. वहीत केवळ क्रमांक असलेल्या जनावराला ज्याने गुपचूप नाव दिले होते, त्याच्या तोंडी तो शब्द कसा उमटेल, हे आपल्या कथाकारांनी एकदा लिहून पाहावे.