दोन उंदीर, एक रान

२०११ साली ‘जर्नल ऑफ मॅमॉलॉजी’ या नियतकालिकात मारी पाजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. दक्षिण भारतात एकाच प्रदेशात राहणाऱ्या ‘रॅटस रॅटस’ आणि ‘रॅटस सतारे’ या दोन उंदरांमधले शरीररचनेचे, गुणसूत्रांचे आणि जनुकांचे फरक हा त्याचा विषय. यातला पहिला उंदीर अंधेरी-घाटकोपरच्या चाळींत आणि मुलुंडच्या बाजारपेठेत रोज भेटणारा. दुसरा सह्याद्रीच्या जंगलात झाडांवर वावरणारा, साताऱ्याचे नाव मिरवणारा. हा निबंध मला आवडतो तो त्याच्या सचोटीच्या मांडणीसाठी.

त्याची पूर्वपीठिका मुंबईतच आहे. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला. उंदरांवरच्या पिसवांमुळे तो पसरतो हे पुढे सिद्ध झाले आणि कोणता उंदीर घरात राहतो, कोणता रानात, हा जीवनमरणाचा प्रश्न बनला. १९११ पासून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशभर सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण केले. त्यातले नमुने तपासून मार्टिन हिंटन यांनी १९१८ मध्ये भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या घरउंदरांवर अहवाल लिहिला. सातारा जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरचा उंदीर त्यांना वेगळा वाटला. त्यांनी त्याला नाव दिले, पण घरउंदराची उपजाती म्हणून. अहवालच घरउंदरांचा होता, त्यामुळे रानातला हा प्राणीही त्याच कुळाच्या यादीत बसला आणि अनेक दशके तिथेच राहिला.

पाजेस यांच्या निबंधात पुराव्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. सुरुवात शरीरापासून होते. पांढरे पोट आणि लांब शेपटी ही साताऱ्याच्या या उंदराची लक्षणे; पण भारतात घरउंदराचेही पांढऱ्या पोटाचे रानटी प्रकार आहेत. जुने वर्गीकरण अडखळले ते इथेच. म्हणून लेखक रंगावर विसंबत नाहीत, पेशीच्या आत शिरतात.

तिथे घरउंदराची गुणसूत्रे ३८ आणि साताऱ्याच्या उंदराची ४२ भरतात. ४२ ही या गटातली जुनी संख्या. गुणसूत्रांच्या दोन जोड्या दुसऱ्या दोन जोड्यांशी जुळून एकजीव झाल्या, की ३८ उरतात. हाच ३८ गुणसूत्रांचा उंदीर जहाजांतून जगभर पोचला. अंधेरीच्या गटारातून पळणाऱ्या जिवाला एवढा मोठा इतिहास आहे, हे या कोरड्या आकड्यांतून उमगते तेव्हा वाचताना अंगावर शहारा येतो.

तरी निबंधाचा गाभा ‘एकाच प्रदेशात’ या अटीत आहे. दोन उंदीर दूरदूरच्या डोंगरांवर राहत असते, तर त्यांच्यातले फरक अंतरामुळे पडले असे कोणीही म्हणू शकले असते. लेखकांनी ती पळवाट ठेवली नाही. शेजारी राहणारे प्राणी एकाच जातीचे असते तर त्यांच्यात संकर झाला असता, ४० गुणसूत्रांची पिल्ले सापडली असती, जनुके सरमिसळ झाली असती. शेजार असूनही शरीर, गुणसूत्रे आणि जनुके हे तिन्ही साक्षीदार एकच सांगतात, म्हणून निष्कर्षाला वजन येते.

मला सर्वांत भावतो तो या लेखनातला संयम. नव्या नावाचा मोह इथे नाही. उपजातीला जातीचा दर्जा मिळाला तरी प्राणिनामकरणाच्या नियमाप्रमाणे नावापुढे ‘हिंटन, १९१८’ हेच राहते. आधीच्या अभ्यासकाने नमुना नीट जपला, ठिकाण नोंदवले, म्हणून त्र्याण्णव वर्षांनी त्याचे अपुरे उत्तर पुरे करता आले. विज्ञानातली ही परंपरा मला फार मोलाची वाटते.

आणि हा वाद कागदापुरता नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उंदीर सरसकट उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली. घरउंदराचा एक प्रकार म्हणून ज्याच्याकडे कोणी लक्ष दिले नसते, तो स्वतंत्र जात ठरल्यावर जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदला गेला. सातारा, कोडगू आणि निलगिरी एवढ्याच तुटक भागांतून तो माहीत आहे. तिथले जंगल गेले तर त्याला चाळीचा आसरा नाही.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या परवानगीने पिंजरे लावणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा निबंध वाचावा. मग तो पोटाचा रंग पाहून थांबणार नाही. तो शेपटी मोजेल, ठिकाण लिहील, कानाचा कणभर तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवील आणि नाव द्यायची घाई करणार नाही.