नाण्याचा दर्जा आणि नाण्याचे मोल : त्रयस्थ दर्जांकन सेवांची चिकित्सा

प्रस्तावना

नाण्याची पारख हा महाराष्ट्रातील जुना व्यवसाय आहे. मराठेशाहीत वसुलापोटी आलेली नाणी पारखून घेण्याचे काम पोतदाराकडे असे. नाणे खरे की खोटे, चांदी कोणत्या कसाची, झीज किती हे पाहून त्यावर बट्टा ठरे. अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत असल्याने सराफाच्या पारखीशिवाय व्यवहार पुढे सरकत नसे. आज नाणे चलनातून संग्रहात गेले, तरी पारखीची गरज संपलेली नाही. ती आता अमेरिकेत उगम पावलेल्या त्रयस्थ दर्जांकन सेवांनी व्यापली आहे. या संस्था नाणे तपासतात, त्याला १ ते ७० या श्रेणीतील एक अंक देतात आणि पारदर्शक प्लास्टिकच्या सीलबंद डबीत ते बंद करून परत करतात. त्या अंकाला जागतिक बाजारात मोठी प्रतिष्ठा आहे. ही प्रतिष्ठा कशावर उभी आहे आणि बुलडाणा जिल्ह्यातील पिंपळगाव राजासारख्या गावात एखाद्या घरात जपलेल्या नाण्याच्या संदर्भात तिचे मोल किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सेवेचा उदय आणि तिचे खरे कार्य

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७२ मध्ये नाण्यांच्या सत्यतेची तपासणी करणारी सेवा सुरू केली. नाण्यांचा दर्जा ठरविण्याचे काम तिने १९७९ पासून हाती घेतले. या व्यवसायाला आजचे रूप आले ते प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस (पीसीजीएस) ही कंपनी १९८५ मध्ये आणि न्यूमिस्मॅटिक गॅरंटी कॉर्पोरेशन (एनजीसी) ही कंपनी १९८७ मध्ये स्थापन झाल्यानंतर. त्यापूर्वी नाण्याचा दर्जा विक्रेताच सांगत असे. विकताना ‘उत्तम’ म्हटलेले नाणे परत घेताना ‘साधारण’ ठरे, हा संग्राहकांचा नित्याचा अनुभव होता.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विक्रेत्याला मालाची माहिती अधिक आणि ग्राहकाला कमी असेल, तर चांगला माल बाजारातून मागे सरतो. नाण्यांचा बाजार या सिद्धांतात नेमका बसतो. ज्याला नाणे विकायचे नाही आणि विकतही घ्यायचे नाही, अशा तिसऱ्याने मत द्यावे हा त्यावरील उपाय होय. परीक्षकांनी स्वतंत्रपणे नाणे पाहणे, एनजीसीसारख्या संस्थेने आपल्या परीक्षकांना नाण्यांच्या व्यापारास मनाई करणे आणि निर्णय चुकल्यास भरपाईची हमी देणे, या व्यवस्थेमुळे अनोळखी माणसांमधील दूरस्थ व्यवहार शक्य झाले. बनावट नाण्यांना आळा घालण्यातही या सेवांचा वाटा मोठा आहे. त्यांचे हे श्रेय नाकारता येणार नाही.

अंकाचा अर्थ

प्रश्न उपस्थित होतो तो अंकाबाबत. सत्तर गुणांची ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी मांडली. तिचा मूळ हेतू किमतीचे प्रमाण सांगण्याचा होता. सर्वांत निकृष्ट नाण्याची किंमत एक धरली, तर सर्वोत्कृष्ट नाण्याची सत्तर, असा तो हिशेब होता. किमतींचे ते प्रमाण फार काळ टिकले नाही. मोजपट्टी मात्र टिकली आणि पुढे सर्व प्रकारच्या नाण्यांना लागू झाली. म्हणजे बाजारभावातून जन्मलेला अंक आज गुणवत्तेचे वस्तुनिष्ठ माप म्हणून बाजारभाव ठरवितो. हे वर्तुळ लक्षात घेण्यासारखे आहे.

नाण्याचे वजन तराजू सांगतो आणि धातूचा कस रासायनिक परीक्षा सांगते. दर्जा मात्र डोळ्यांनी ठरतो. ठशाची स्पष्टता, झीज, ओरखडे, चकाकी यांचा एकत्रित ठसा परीक्षकाच्या मनावर उमटतो आणि त्यातून अंक निघतो. तो अनुभवी माणसाचा अभिप्राय असतो, मोजमाप नव्हे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० मध्ये पीसीजीएसच्या जाहिरातींतील वस्तुनिष्ठतेच्या दाव्यांवर आक्षेप घेतला आणि ते प्रकरण तडजोडीने मिटले. ६५ आणि ६६ या लगतच्या अंकांतील फरक साध्या डोळ्यांना जेमतेम दिसतो, परंतु किमतीत तो कित्येक पटींचा असू शकतो. त्यामुळे डबी फोडून तेच नाणे अधिक अंकाच्या आशेने पुन्हा पाठविण्याची प्रथा रूढ झाली. एकच नाणे अनेकदा मोजले गेल्याने कोणत्या दर्जाची किती नाणी अस्तित्वात आहेत याचे तक्तेही फुगतात.

२००७ मध्ये जॉन अल्बानीज यांनी सर्टिफाइड अ‍ॅक्सेप्टन्स कॉर्पोरेशन ही संस्था स्थापन केली. इतरांनी दर्जा देऊन सीलबंद केलेल्या नाण्यांपैकी समाधानकारक वाटतील त्यांच्या डबीवर ती आपली हिरवी चिकटपट्टी लावू लागली. अल्बानीज हे एनजीसीच्या संस्थापकांपैकी एक होत. पारख्याचीही पारख करावी लागली, याहून बोलका पुरावा दुसरा नाही. याच सुमारास बनावट डब्याही बाजारात आल्या.

शुल्क कोण देतो?

विदर्भातील शेतकऱ्याला ‘ग्रेडर’ हा शब्द नवा नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून राबविण्यात आलेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत केंद्रावरचा ग्रेडर बोंडाकडे पाहून, धागा ओढून प्रत ठरवी आणि त्या एका शब्दावर शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून असे. तेथे प्रत ठरविणारा खरेदीदाराच्या बाजूचा होता. नाण्यांच्या दर्जांकनात शुल्क देणारा नाण्याचा मालक, म्हणजे बहुधा भावी विक्रेता असतो. एका ठिकाणी कल प्रत उतरविण्याकडे, तर दुसऱ्या ठिकाणी ती चढविण्याकडे असण्याचा संभव राहतो. मोठ्या संस्था आपली पत राखण्यासाठी या मोहाला आवर घालतात हे खरे, पण त्या सार्वजनिक संस्था नाहीत. एनजीसीच्या मूळ समूहातील बहुमताचा हिस्सा २०२१ मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने घेतला. अधिक नाणी येणे, म्हणजे अधिक शुल्क मिळणे, हे त्यांच्या व्यवसायाचे गणित आहे. त्रयस्थता ही केवळ भूमिका नसून ती रचनेतही असावी लागते.

कालचा दाखला, आजचा दोष

दर्जांकनाची खरी मर्यादा भारतीय नाण्यांच्या बाबतीत उघड होते. मोगलकालीन व त्यानंतरच्या अनेक रुपयांवर सराफांनी उमटविलेल्या बारीक खुणा आढळतात. नाणे पारखले, चांदी खरी निघाली, असा त्यांचा अर्थ. प्राचीन आहत नाण्यांच्या मागील बाजूच्या लहान खुणाही पारख्यांच्याच असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे त्रयस्थाची साक्ष आपल्याकडे नाण्याच्या अंगावरच नोंदली जात होती. आजच्या दर्जांकनात अशा खुणा पृष्ठभागाची हानी म्हणून नाण्याचा दर्जा बहुधा खाली आणतात. एका काळातील प्रमाणपत्र दुसऱ्या काळात दोष ठरते.

नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आहेत. त्यामुळे मूळ मुद्रा ठिकठिकाणी पुसली गेली. केवळ जतनाच्या दृष्टीने पाहिले तर न ठोकलेले नाणे सरस. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ठोकलेले नाणे म्हणजे नहपानाच्या पराभवाची धातूवर नोंदलेली साक्ष. तत्कालीन अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये मिळालेली सातवाहनांची पोटीन नाणीही दिसायला अनाकर्षकच. परंतु वा. वि. मिराशी यांनी त्यांवरील लेख वाचले, तेव्हा पूर्वी नाण्यांवर न आढळलेली सातवाहन राजांची नावे उजेडात आली. ही नाणी एकत्र सापडली, एकत्र राहिली आणि स्थळासह नोंदली गेली म्हणून हे शक्य झाले.

प्राचीन नाण्यांसाठी एनजीसी ठसा आणि पृष्ठभाग यांना पाचपैकी स्वतंत्र गुण देते. नेहमीची मोजपट्टी येथे अपुरी पडते याची ही कबुलीच होय. तथापि, नाणे कोठे, कोणत्या नाण्यांसोबत सापडले, याला गुणांकनात स्थान नाही.

पिंपळगाव राजाच्या संदर्भात

पिंपळगाव राजा हे खामगाव तालुक्यातील गाव. चांदीच्या शुद्धतेसाठी खामगावच्या बाजारपेठेचा लौकिक मोठा आहे. या परिसरातील घराघरांत लक्ष्मीपूजनासाठी जपलेले राणीछाप वा राजाछाप रुपये असतात. ते पूजेपूर्वी चिंचेने किंवा राखेने घासून लख्ख केले जातात, तर काहींना माळेसाठी कडी लावलेली असते. दर्जांकनाच्या भाषेत ही नाणी ‘साफ केलेली’ अथवा ‘बिघडलेली’ ठरतात. सराफाच्या तराजूत मात्र तो ११.६६ ग्रॅम वजनाचा, ९१.७ टक्के चांदीचा तुकडा असतो. घरच्या माणसांसाठी ते कुळाचे धन आहे. या तिन्ही मापांपैकी एकही दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

येथे कायद्याचाही विचार आवश्यक ठरतो. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठविता येत नाही. व्हिक्टोरिया राणीचेच नव्हे, तर पंचम जॉर्जचे १९११ ते १९२२ या सालांचे रुपयेही आता या मर्यादेत आले आहेत. दर्जा मिळविण्यासाठी असे नाणे परदेशी धाडणे हा गुन्हा ठरू शकतो. नांगरताना किंवा पाया खोदताना नाणी सापडली, तर भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. मोठ्या अंकाची आणि मोठ्या किमतीची कीर्ती गावापर्यंत पोहोचते. कायद्याची आणि नोंदीच्या महत्त्वाची माहिती तितक्या वेगाने पोहोचत नाही. परिणामी साठा फुटतो, चांगली नाणी निवडून विकली जातात, उरलेली वितळविली जातात आणि मडक्यासह सारा संदर्भ नाहीसा होतो. एक नाणे डबीत सुरक्षित राहते, परंतु इतिहास हरवतो.

समारोप

त्रयस्थ दर्जांकन सेवेची प्रतिष्ठा सर्वस्वी अनाठायी नाही. खऱ्याखोट्याची शहानिशा आणि अनोळखी व्यवहारातील विश्वास या दोन बाबतींत तिचे मोल निर्विवाद आहे. तिचा अंक हा जतनाविषयीचा अनुभवी अभिप्राय म्हणून स्वीकारावा. नाण्याच्या मोलाचा अंतिम निवाडा म्हणून त्याकडे पाहणे चुकीचे ठरेल. ग्रामीण महाविद्यालयांपुढे याहून निकडीचे काम आहे. विद्यार्थी घरून वा शेतातून नाणे घेऊन आला, तर ते घासू नये, त्याचे वजन करावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, सापडल्याचे ठिकाण व सोबतच्या वस्तू नोंदवाव्यात आणि आवश्यक तेथे शासनाला कळवावे, एवढे शिक्षण इतिहास विभागाला देता येईल. त्यासाठी ना परदेशी डबी लागते, ना शुल्क. पोतदाराची वही नाण्यासोबत राहिली, तरच त्याची पारख पुढच्या पिढीच्या कामी येते.