रक्तातला धूर

गेल्या महिन्यात माझा रक्ताचा अहवाल आला. उपाशीपोटी साखर १०४. शेजारी ठळक अक्षरांत 'प्रीडायबेटिस'. सौभाग्यवतींनी त्याच दिवशी माझ्या चहातली साखर बंद केली. आता गंमत बघा. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २००३ साली ही खालची सीमा ११० वरून १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटनेने ११०च ठेवली. म्हणजे रक्त तेच, पण अमेरिकेत मी उमेदवार रोगी आणि जिनिव्हात ठणठणीत!

२०११ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासातून एक निबंध आला. ल्युसिन, व्हॅलिन अशी पाच अमिनो आम्लं ज्यांच्या रक्तात जास्त, त्यांना पुढच्या बारा वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता अधिक. काम मोलाचं आहे, वाद नाही. माझा आक्षेप आहे तो त्यावरून घाईने काढल्या जाणाऱ्या अनुमानावर.

आपले नैयायिक धुरावरून अग्नीचं अनुमान करत, पण त्याआधी व्याप्ती तपासत. इथली व्याप्ती मुख्यतः गोऱ्या लोकांत पाहिलेली. ती आपल्याकडे तशीच लागू होईल, हे गृहीत कसं धरायचं? पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी तर दाखवलंय की आपली बाळं वजनाने कमी, तरी चरबीने तुलनेत जास्त असतात. एचबीए१सीचंही तसंच. लोहाच्या कमतरतेने तो आकडा उगाच वाढू शकतो आणि सिकलसेल असेल तर फसवतो. विदर्भातल्या आदिवासी भागात हा प्रश्न पुस्तकी नाही.

दुसरा मुद्दा. चेन्नईच्या डॉ. मोहन यांनी २००५ साली चारच गोष्टींवर जोखीम मोजायची पद्धत दिली: वय, कंबरेचा घेर, हालचाल, आईवडिलांचा मधुमेह. शिंप्याची टेप पुरते. मग नव्या महागड्या चाचणीला विचारायला हवं, बाई गं, तू टेपपेक्षा जास्त काय सांगतेस? आणि ते कळल्यावर सल्ला बदलणार आहे का?

कारण सल्ला ठरलेला आहे. २००६च्या भारतीय अभ्यासात आहार-व्यायामाने मधुमेहाचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. आयसीएमआरच्या २०२३च्या अहवालानुसार देशात १३.६ कोटी लोक या उंबरठ्यावर आहेत. त्यांना नुसतं लेबल चिकटवून चालायला जागा, परवडणारी भाजी दिली नाही, तर आपण फक्त भीती वाटली.

माझं म्हणाल, तर चहात अर्धा चमचा परत आलाय. संध्याकाळी तासभर चालायचं, या अटीवर.